हवेत रांग लागते

(लेखांक पाचवा)

मागच्या आठवड्यात फायबर घरातल्या राउटरपर्यंत येऊन थांबलं होतं. आज तिथून पुढचे शेवटचे वीस फूट. माझ्या मते घरातला वेग बहुतेक वेळा इथेच सांडतो, आणि आपण मात्र महागडा प्लॅन घेऊन मोकळे होतो.

भिंती आड येतात हे खरंच. काँक्रीट, सळया, आरशाचं कपाट यांतून पार होता होता लहर क्षीण होते. पण अगदी राउटरसमोर बसलं तरी वायफायचा वेग खोक्यावरच्या आकड्याला पोहोचत नाही. त्याचं मूळ जुनं आहे.

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी निरनिराळ्या बेटांवरची केंद्रं रेडिओने एका संगणकाला जोडली. या ‘अलोहानेट’मध्ये ज्याला हवं त्याने हवं तेव्हा पाठवायचं. अशा मोकळ्या पद्धतीत टकरी इतक्या होतात की चॅनलची फार तर १८ टक्के क्षमता कामी येते. १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी तिथूनच धागा उचलून तारेवरचं इथरनेट रचलं. तेव्हा सगळे संगणक एकच जाड केबल वाटून घेत. टकरी तिथेही होत. पुढे स्विच आले. प्रत्येकाला आपली केबल मिळाली, तीही एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालणारी. तार रांगेतून सुटली.

हवा मात्र एकच. रेडिओ स्वतः बोलत असताना त्याच चॅनलवर दुसऱ्याचं ऐकू शकत नाही. आपल्याच आवाजात दूरचा सिग्नल बुडतो. म्हणजे टक्कर झाली तरी तेव्हा कळत नाही. म्हणून प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेतं, शांतता असली तरी थोडं थांबतं, मग पाठवतं, आणि ‘मिळालं’ अशी पोच आली नाही तर तेच पुन्हा पाठवतं. हा सगळा वेळ वेगातूनच वजा होतो.

त्यात सगळ्यांची चाल सारखी नसते. १५०० बाइटचा एक तुकडा जवळच्या लॅपटॉपला ६०० एमबीपीएसने पाठवायला २० मायक्रोसेकंद लागतात. आतल्या खोलीतला जुना फोन ६ एमबीपीएसवर घसरला असेल, तर त्याच तुकड्याला २०००. तेवढा वेळ लॅपटॉप ताटकळतो. शेजाऱ्यांचे राउटरही याच रांगेत असतात, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरतात : १, ६ आणि ११. पाच गिगाहर्ट्झवर जागा जास्त, पण ती लहर भिंतींपुढे लवकर हार मानते.

म्हणून माझा आग्रह असा, की जी वस्तू जागची हलत नाही ती लॅन केबलवर घ्यावी. टीव्ही, डेस्कटॉप, मुलांचा गेमिंग कन्सोल. साधी तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस सहज नेते. आणि टीव्ही रांगेतून बाहेर पडला की आतल्या खोलीतल्या त्या जुन्या फोनचाही नंबर लवकर लागतो.