उजळ डाय आणि अंधाराची सवय

पेशी डायने, म्हणजे चमकणाऱ्या रंगाने, रंगवून झाल्या, तरी बफर मात्र अगदी शेवटी, स्लाइड मायक्रोस्कोपवर चढवायच्या वेळीच मिसळायचं. ग्लुकोज, ग्लुकोज ऑक्सिडेज, कॅटालेज आणि सिस्टिअमिन. शेवटच्या बाटलीचं झाकण उघडलं की गंधकाचा उग्र वास नाकात जातो. एन्झाइमं द्रावणातला ऑक्सिजन संपवतात. पण त्याच ओघात ग्लुकोजचं आम्ल होत राहतं, पीएच उतरतो, म्हणून तास-दोन तासांत काम उरकायचं. कव्हरस्लिपच्या कडा बंद करताना आत बुडबुडा राहिला नाही ना, हे दोनदा बघायचं.

मग लाल लेझर, पूर्ण जोरात. आधी पडद्यावर अख्खी पेशी एकसारखी पेटलेली दिसते, तपशील काहीच नाही. थोड्याच वेळात ती विझत जाते आणि ठिपके लुकलुकू लागतात, एक इथे, एक तिकडे. प्रत्येक ठिपका एकाच रेणूचा. तो दोन-अडीचशे नॅनोमीटर पसरलेला असतो, पण शेजारी कुणी पेटलेलं नसल्यामुळे त्याचा मध्य काढता येतो. हजारो फ्रेममधले असे मध्य जमले की चित्र तयार. फोटॉन चौपट मिळाले, तर मध्य काढण्यातली चूक साधारण निम्मी होते. उजळ डायची हाव त्यातून आलेली.

गंमत अशी, की २०११ मध्ये हार्वर्डच्या शाओवेई झुआंग यांच्या गटाने २६ डाय तपासले, त्यात या कामासाठी अलेक्सा फ्लुओर ६४७ सरस ठरला. शोषलेल्या तीन फोटॉनांपैकी जेमतेम एक परत देणारा हा डाय! पण एका लुकलुकीत तो हजारो फोटॉन देतो आणि एरवी जवळजवळ सगळा वेळ अंधारात बसून राहतो. अमेरिकेतल्या जनेलिया संस्थेत ल्यूक लाव्हिस यांच्या गटाने २०१५ मध्ये जुन्या रोडामिनच्या टोकांना चार अणूंची कडी जोडली, तेव्हा परत मिळणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण ०.४१ वरून ०.८८ वर गेलं. जिवंत पेशींसाठी ही मोठीच देणगी. माझ्या बफरमध्ये तो डाय किती वेळ अंधारात राहील, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही.

शिवाय डाय बसतो अँटिबॉडीवर. २५ नॅनोमीटर जाडीची सूक्ष्मनलिका दोन अँटिबॉडींचा थर चढवल्यावर साठेक नॅनोमीटरची दिसते. नॅनोबॉडी, म्हणजे अँटिबॉडीचा छोटा तुकडा, वापरली तर जाडी आटोक्यात राहते, पण तिच्यावर डाय मावतात एक-दोनच. तिथे मात्र प्रत्येक फोटॉन मोजून घ्यावा लागतो.