गरोदर भगिनीचे पिण्याचे पाणी

जळगाव-धुळ्याच्या अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. आले की आपण ड्रम, हंडे भरून ठेवतो. गटाराजवळची पाइपलाइन फुटलेली असेल, तर नळ बंद असताना सांडपाणी आत शिरते आणि पुढच्या पाण्याबरोबर आपल्या घरात येते.

अशा पाण्यातून 'हिपॅटायटिस ई' ही कावीळ होते. इतरांची ती बहुधा काही आठवड्यांत बरी होते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातल्या २० ते २५ माता दगावू शकतात. बाळाच्याही जिवाला धोका असतो.

तुरटीने पाणी नितळ होते, जंतू मरत नाहीत. म्हणून पाणी खळखळून उकळा, त्याच भांड्यात झाकून ठेवा, ओगराळ्याने घ्या. गॅस महाग आहे, हे आम्ही जाणतो. सर्वांसाठी जमत नसेल, तर निदान तिच्यापुरते उकळा. बाकीच्या पाण्यासाठी आशाताईंकडे क्लोरीनचे औषध मागा आणि त्या सांगतील तेवढेच घाला.

भूक गेली, उलट्या होऊ लागल्या, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन दिवस घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. गुंगी आली तर लगेच १०८ ला फोन करा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क बजावला. फुटकी पाइपलाइन दुरुस्त करून घेणे हाही आपला हक्कच आहे. वस्तीने मिळून लेखी अर्ज द्यावा.