दुनळी रायफल आणि मोठ्या माणसाचं नाव : किंमत ठरते कशी?



जिम कॉर्बेट हे नाव न ऐकलेला मराठी वाचक विरळाच. कुमाऊंच्या नरभक्षक वाघांवरचं त्यांचं पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई कचेरीने काढलं आणि पुढे अनुवादांतून ते आपल्याकडे घरोघरी पोचलं. ह्याच कॉर्बेट यांची एक जुनी दुनळी रायफल २०१५ साली इथे अमेरिकेत, मेन राज्यातल्या जेम्स डी. ज्युलिया ह्या लिलावगृहात विकली गेली. किंमत आली अडीच लाख डॉलरच्या वर. आता गंमत अशी की त्याच कंपनीची, त्याच मापाची, तितकीच जुनी पण कुणा नामवंताची नसलेली रायफल साधारण दहा ते वीस हजार डॉलरला मिळू शकते. लाकूड तेच, पोलाद तेच. मग वरचे दोन लाखांहून जास्त डॉलर कशाचे?

आम्ही चार-पाच मित्र, सगळे इंजिनियरिंग करून संगणक क्षेत्रात आलेले. बंदुका झाडण्याचा आम्हांला शौक नाही, पण जुनी यंत्रं आणि लिलावांचे कॅटलॉग ह्यांचा मात्र नाद आहे. मंडळाच्या कार्यक्रमांत हा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "नाव मोठं म्हणजे किंमत मोठी." दुसरे म्हणतात, "सगळी थापेबाजी!" आमच्या मते दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. नावाला किंमत असतेच, पण ती पुराव्याच्या जोरावर. इस्टेट सेलमध्ये "ही अमक्या महाराजांची" एवढ्या शब्दावर लोक पैसे मोजतात, आणि खरोखरची मोलाची वस्तू कागद हरवल्यामुळे मातीमोल जाते. दोन्ही नुकसानं टाळता येण्यासारखी आहेत.

आधी यंत्र समजून घेऊ

दुनळी रायफल म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या दोन नळ्या, आणि प्रत्येक नळीची घोडा-चापाची यंत्रणा वेगळी. थोडक्यात एका दस्त्यावर बसवलेल्या दोन स्वतंत्र रायफली. एक काडतूस फुसकं निघालं किंवा एक कमान मोडली तरी दुसरी नळी तयार असते, आणि दुसरा बार काढायला बोल्ट मागेपुढे करावा लागत नाही. अंगावर येणाऱ्या जनावरापुढे हाच फरक जिवाचा ठरे. संगणकाच्या भाषेत बोलायचं तर सर्व्हर बंद पडू नये म्हणून दुसरा तयार ठेवतात, तसला प्रकार.

खरी कारागिरी मात्र दोन नळ्या जोडण्यात असते. बार उडाला की उजवी नळी बंदुकीला उजवीकडे फेकते, डावी डावीकडे. म्हणून दोन्ही नळ्या पुढच्या टोकाला किंचित एकमेकींकडे झुकवून जोडतात. दोन्ही गोळ्या ठरावीक अंतरावर जवळजवळ एकाच ठिकाणी लागेपर्यंत कारागीर बार काढून बघतो, डाग उकलतो, पाचर सरकवतो, पुन्हा डाग देतो. हे काम हातानेच होतं, आणि ते गोळीच्या ठरावीक वजनासाठी व दारूच्या ठरावीक मापासाठीच केलेलं असतं. इतके तास एका नगावर खर्च होतात म्हणूनच नवी दुनळी रायफलही महाग असते.

पायरी पहिली : नाव विसरा

मूल्यमापनाचा आमचा पहिला नियम असा, की मालक कुणीच नव्हता असं समजून आधी नुसत्या रायफलीची किंमत काढायची. त्यासाठी ह्या गोष्टी बघाव्यात:

१. कंपनी आणि दर्जा. हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स ही वरची नावं. यंत्रणा दोन प्रकारची असते. बॉक्सलॉक म्हणजे सगळे भाग मधल्या एका पेटीत. हा प्रकार वेस्टली रिचर्ड्सच्या अँसन आणि डीली ह्यांनी १८७५ साली काढला. साइडलॉकमध्ये भाग दोन बाजूंच्या पट्ट्यांवर असतात. ते काम जास्त आणि नक्षीला जागाही जास्त, म्हणून किंमत जास्त.

२. काडतुसाचं माप. इथे आपल्या इतिहासाचा थेट संबंध आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने .४५० मापाच्या काडतुसांना हिंदुस्थानात बंदी घातली. हा दारूगोळा लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांसाठी बंडखोरांच्या हाती पडेल ही भीती. त्यामुळे कंपन्यांनी .४६५, .४७० अशी नवी मापं काढली. .४५०/४०० हे माप मात्र बंदीत सापडलं नाही, कारण त्यात .४५० चं काडतूस तोंडाशी आवळून .४०० ची गोळी बसवलेली असे. हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांत ते लोकप्रिय होतं. आज ज्या मापाची काडतुसं मिळतात त्या रायफलीला गिऱ्हाईक जास्त, हे ओघानंच आलं.

३. मूळपणा. दोन्ही नळ्या, यंत्रणा आणि पुढचं लाकूड ह्यांवरचे क्रमांक जुळतात का? नळ्यांच्या बुडाशी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे ठसे असतात. जास्त भाराचं काडतूस उडवून नळी तपासल्याशिवाय इंग्लंडमध्ये बंदूक विकता येत नसे. हे नियम आणि ठसे १९०४, १९२५, १९५४ असे वेळोवेळी बदलले. म्हणजे १९१० साली वारलेल्या माणसाची म्हणून सांगितलेल्या रायफलीवर १९२५ नंतरचेच ठसे दिसले, तर निदान नळ्या तरी नंतरच्या आहेत किंवा पुन्हा तपासल्या गेल्या आहेत. आमच्या मते हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा पुरावा.

४. अवस्था. नळीच्या आतले आटे, सांधे ढिले झाले आहेत का, लाकडाला तडा, मूळ पेटी आणि तिच्यातलं सामान.

ह्यातून जो आकडा येईल तो पाया. नाव खोटं निघालं तरी एवढी रक्कम हातची जात नाही.

पायरी दुसरी : नावाची साखळी

आता तीन प्रश्न विचारायचे. त्या माणसाकडे अशी रायफल होती का? होती ती हीच का? आणि ज्या कामासाठी तो प्रसिद्ध आहे त्या कामात ती वापरली होती का?

कॉर्बेट यांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर ते स्वतःच देतात. त्यांच्या पुस्तकांत .४५०/४०० दुनळीचा उल्लेख येतो. तिसऱ्याचंही तसंच, १९३८ साली ठाकची नरभक्षक वाघीण त्यांनी जड दुनळीनेच मारली. मधला प्रश्न सगळ्यांत अवघड असतो, कारण तिथे साखळी लागते. विकली गेलेली रायफल जेफरी कंपनीची साधी बॉक्सलॉक होती. कॉर्बेट १९४७ साली नैनिताल सोडून केनियाला गेले (तेही शेवटी परदेशी स्थायिक झालेलेच!) आणि १९५५ मध्ये तिथेच वारले. रायफल पुढे एल्मर कीथ ह्या अमेरिकन शिकारी-लेखकाकडे आली. कीथ १९८४ साली गेले आणि २०१५ च्या लिलावात ती कीथ यांच्या संग्रहातूनच आली. मधला मालक स्वतः बंदुकांचा जाणकार आणि नावाजलेला असला की साखळीची कडी घट्ट होते, आणि त्याच्या नावाचीही थोडी भर पडते.

ह्याउलट कॉर्बेट यांची दुसरी रायफल बघा. ती .२७५ मापाची एकनळी रिग्बी, बोल्टची. १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूवेट ह्यांनी ती त्यांना भेट दिली. दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे. वस्तूच स्वतःची साक्ष देते!

साखळी कशी असावी ह्याचा उत्तम नमुना म्हणजे थिओडोर रूझवेल्ट यांची हॉलंड अँड हॉलंड दुनळी. १९०९ साली आफ्रिकेच्या मोहिमेसाठी इंग्लंडमधल्या चाहत्यांनी वर्गणी काढून ती भेट दिली. देणगीदारांची यादी आहे, मोहिमेवरचं रूझवेल्ट यांचं स्वतःचं पुस्तक आहे. आज ती केंटकीतल्या लुईव्हिल शहरी फ्रेझर संग्रहालयात आहे. रूझवेल्ट यांनी त्याच मोहिमेवर नेलेली फॉक्स कंपनीची छऱ्यांची दुनळी २०१० साली ८,६२,५०० डॉलरला गेली. तिच्याबाबतही रूझवेल्ट यांचा पत्रव्यवहार होता. लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांची वेस्टली रिचर्ड्सची .५७७ दुनळी २०११ साली सुमारे ३ लाख ४० हजार डॉलरला विकली गेली.

पुराव्याची उतरंड

आमच्या हिशेबाने पुराव्याचा क्रम असा लागतो:

- कंपनीच्या खातेवहीतली नोंद, म्हणजे क्रमांक, गिऱ्हाईकाचं नाव आणि तारीख. जुन्या इंग्रज कंपन्यांपैकी बऱ्याच फी घेऊन तसं पत्र देतात.
- त्या काळचं लिखाण : पत्र, बिल, मृत्युपत्र, रोजनिशी.
- फोटो. पण त्यात रायफलीची ओळख पटायला हवी. लाकडाचे रेषे, एखादा डाग, नक्षी.
- वस्तूवर कोरलेलं नाव किंवा राजचिन्ह. हे नंतरही कोरता येतं, म्हणून एकटं पुरेसं नाही.
- शंभर वर्षांनी वारसाने लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र.
- आणि सर्वांत शेवटी, "आमच्या घरी सगळे असंच म्हणतात."

संस्थानिकांच्या बंदुकांबाबत विशेष सावध राहावं. इंग्रज कंपन्यांची हिंदी संस्थानिक ही मोठी गिऱ्हाइकं होती आणि एकेका दरबारी बंदुकांची कोठारं होती. त्यांतल्या बऱ्याच पाहुण्यांच्या किंवा अंमलदारांच्या हाती असत. त्यामुळे दरबाराची मोहर एवढंच सांगते की वस्तू दरबाराची होती. महाराजांनी ती खांद्याला लावली होती असं नव्हे.

मग आकडा किती?

एक काल्पनिक हिशेब करून पाहू. नुसत्या रायफलीची किंमत १५,००० डॉलर. नाव पक्कं ठरलं तर बाजार १,५०,००० देईल असं समजा. म्हणजे नावाचे १,३५,०००. विकणारा म्हणतो, "पुरावा निम्मा आहे, तर निम्मे द्या." इथेच लोक फसतात. साखळीत चार कड्या असतील आणि प्रत्येक कडीवर आपला भरवसा ८० टक्के असेल, तर सगळी साखळी खरी असण्याची शक्यता ०.८ चा चार वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ४१ टक्के. ऐकायला "बहुतेक खरंच असावं" वाटणारी गोष्ट निम्म्यालाही पोचत नाही! त्यातून उद्या आपण विकायला गेलो तर पुढचं गिऱ्हाईक हेच प्रश्न विचारणार. म्हणून कच्च्या पुराव्याच्या रायफलीला पायाभूत किमतीहून फारसं जास्त देऊ नये.

किमतीही एक नसतात. लिलावात हातोडा पडतो तो आकडा वेगळा, त्यावर खरेदीदाराने द्यायचं कमिशन वेगळं, आणि विकणाऱ्याच्या हाती पडते ती रक्कम आणखी वेगळी. वर्तमानपत्रात छापून येतो तो आकडा बहुधा कमिशन धरून असतो. विम्यासाठी काढलेली किंमत तर त्याहून चढी असू शकते. कुणी आकडा सांगितला की आधी विचारावं, हा कुठला आकडा?

आणि एक कळकळीची विनंती. वारशाने अशी वस्तू आलीच तर तिला पॉलिश करू नका, नळ्यांना नवा रंग देऊ नका, झिजलेली नक्षी पुन्हा कोरून घेऊ नका. जुना मळकटपणा हाही पुरावाच असतो. पेटीतली चिठोरी, पावत्या, परवाने जपून ठेवा.

कायद्याचं थोडं

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, बंदूक बाळगणं निषिद्ध आहे. ग्रीन कार्डधारकांना ही अट लागत नाही. १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका संघराज्य कायद्यात पुरातन धरल्या जातात, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे.

भारतात आजोबांची रायफल असेल तर "पुढच्या ट्रिपला घेऊन येऊ" हा विचार मनातून काढून टाका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि मग ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय शस्त्र परवाना हवाच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. अशा वेळी निदान एक काम करता येईल. पुढच्या सुट्टीत घरच्या मोठ्यांशी बोला. बंदूक कुणाकडून आली, केव्हा आली, परवाना कुणाच्या नावे होता, हे तारखांसकट लिहून घ्या, त्यांची सही घ्या, क्रमांकाचे फोटो काढा. ते आहेत तोवर ही माहिती फुकट मिळते. ते गेल्यावर तीच माहिती कितीही डॉलर मोजले तरी विकत मिळत नाही.

ह्या विषयातला कुणाचा अनुभव असेल, किंवा घरच्या जुन्या वस्तूंचे कागद सापडले असतील, तर संपादक मंडळाकडे जरूर कळवा.