जुन्या लष्करी ट्रकांचे पिस्टन: ओळख व उपलब्धता

बालाघाटच्या उत्तरेस जबलपूर येथील वाहन निर्माणीत 'शक्तिमान' व 'निसान' एक-टनी हे लष्करी ट्रक तयार होत असत. शक्तिमानचे उत्पादन १९९६ साली थांबले. निर्लेखित झालेला असा ट्रक चालू ठेवणाऱ्यास पिस्टन मिळविणे कठीण जाते. केवळ ट्रकाचे नाव सांगून आणलेला पिस्टन तर बहुधा वायाच जातो.

निसानच्या 'पी' पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८५.७ मिलिमीटर, म्हणजे ३.३७५ इंच आहे. त्याच कंपनीच्या आधीच्या इंजिनात दट्ट्याची धाव तेवढीच, ११४.३ मिलिमीटर, व्यास मात्र ८२.५. शक्तिमानचे डिझेल इंजिन जर्मनीच्या मान कंपनीच्या रचनेचे असून त्यास निसानचा पिस्टन सर्वथा निरुपयोगी होय.

जुना पिस्टन, तुटका असला तरी, फेकू नये. माथ्यावरील काजळी काढल्यास ०.५० किंवा ०.०२० असा अंक दिसू शकतो. पहिला मिलिमीटरांत, दुसरा इंचांत. सिलिंडर पूर्वी तेवढा वाढविला आहे, असा त्याचा अर्थ. पिस्टन पूर्ण गोल नसतो. म्हणून व्यास खालच्या भागी, पिनशी काटकोनात, मायक्रोमीटरने घ्यावा. पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची पुष्कळदा मोजलीच जात नाही. ती अधिक भरल्यास पिस्टन वर आदळून इंजिनच निकामी होते.

मोडीत निघालेली इंजिने व जबलपूर, नागपूर येथील जुन्या सुट्या भागांचे व्यापारी यांकडे ही मापे घेऊन चौकशी करावी. सहाही पिस्टन एकाच मापाचे व समान वजनाचे घ्यावेत. ते हाती आल्यावाचून सिलिंडर बोअर करण्यास मुळीच देऊ नये.