फोड आपोआप गेला, मग टेस्ट कशाला?

ज्यांना हेडफोन लावायची सोय नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

एका श्रोत्याचा मेसेज आलाय, नाव अर्थातच सांगणार नाही. तो म्हणतो, "दोन महिन्यांपूर्वी खाली एक फोड आला होता. दुखत नव्हता. मेडिकलवाल्याने मलम दिलं, महिन्याभरात गेला. आता लग्न ठरलंय. टेन्शन नाही ना?"

मित्रा, टेन्शन नको, पण टेस्ट हवी.

नेमकं काय होतं हे तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. पण न दुखणारा आणि आपोआप जाणारा फोड म्हटलं की डॉक्टरांना आधी सिफिलिस आठवतो. जुनी माणसं याला 'गरमी' म्हणायची. हा फोड औषध न घेताही साधारण तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. म्हणजे श्रेय मलमाला मिळतं आणि जंतू शरीरातच राहतात. पुढे अंगावर, तळहात-तळपायांवर पुरळ येऊ शकतं, तेही जातं. उपचार झाले नाहीत, तर काही जणांमध्ये कित्येक वर्षांनी मेंदू, डोळे, हृदयावर परिणाम होतो. गरोदर बाईकडून तो पोटातल्या बाळाला होऊ शकतो.

चांगली बातमी अशी की साध्या रक्ततपासणीत हे कळतं आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरं होतं. सुरुवातीला पकडलं तर बहुतेक वेळा एकच डोस पुरतो.

क्लॅमिडियाचं तर आणखी अवघड. बऱ्याच जणांना, त्यातही मुलींना, काहीच जाणवत नाही. म्हणून "मला काही त्रास नाही" हा रिपोर्ट नव्हे.

टेस्ट कधी करायची? संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेली एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबू नका. संसर्ग टेस्टमध्ये दिसायला वेळ लागतो, टेस्टच्या प्रकारानुसार काही आठवडे ते तीन महिने. मात्र एचआयव्हीचा धोका वाटत असेल तर थांबू नका. ७२ तासांच्या आत सुरू केलेली, २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं असतात. जितक्या लवकर, तितकं चांगलं.

कुठे जायचं? सरकारी रुग्णालयात 'त्वचा व गुप्तरोग' विभाग किंवा 'सुरक्षा क्लिनिक' विचारा. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी केंद्रात मोफत होते. २०१७ च्या कायद्यानुसार ती तुमच्या संमतीने करायची आणि माहिती गुप्त ठेवायची असते. आधी फोनवर बोलायचंय? १०९७, टोल फ्री. एसटी स्टँडच्या भिंतीवरचे 'गॅरंटीने इलाज'वाले नंबर मात्र सोडून द्या.

आणि टाळायचं कसं? दर वेळी कंडोम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्यावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, लेटेक्स कमकुवत होऊन फाटतं. त्याने न झाकलेल्या त्वचेतून काही आजार पसरू शकतात, म्हणून धोका खूप कमी होतो, शून्य नाही. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्या लसी आहेत, डॉक्टरांना विचारून घ्या.

शेवटचं, आपल्या नवरदेवासाठी. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर ज्यांच्याशी संबंध आला त्यांनाही तपासणी करायला सांग. एकट्यानेच औषध घेतलं, तर तोच आजार परत होऊ शकतो. उपचार पूर्ण होऊन डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत संबंध नकोत. होणाऱ्या बायकोशी हे बोलणं जड जाईल, कबूल. पण तिला हे लग्नानंतर तिच्या स्वतःच्या रिपोर्टमधून कळणं त्याहून जड आहे.

पत्रिका जुळवायला वेळ काढलात ना? मग या आठवड्यात रक्त तपासायलाही काढा. भेटू पुढच्या भागात!