अकरातून किती वजा करायचे?

२२ ऑक्टोबर २०१६. टेक्सासमधल्या लबक शहरात ओक्लाहोमा आणि टेक्सास टेक या दोन विद्यापीठांमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. ओक्लाहोमा ६६, टेक्सास टेक ५९. दोन्ही संघांनी प्रत्येकी ८५४ यार्ड मिळवले, मिळून १,७०८. टेक्सास टेकच्या पॅट्रिक महोम्सने ८८ पास फेकले, त्यातले ५२ पकडले गेले आणि नुसत्या पासांतून ७३४ यार्ड निघाले. एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंतचे अंतर १०० यार्ड असते, हे लक्षात घेतले की या आकड्यांचा आकार कळतो.

बचाव करणारी पोरे कच्ची होती, असा निष्कर्ष तेव्हा सर्रास निघाला. मला तो पटत नाही. स्प्रेड पद्धतीच्या, म्हणजे खेळाडू मैदानाच्या रुंदीभर पसरवणाऱ्या आक्रमणापुढे बचावाची वजाबाकीच जुळत नव्हती.

आधी मैदान. रुंदी १६० फूट, बचावाला ११ जण. सगळे एका ओळीत उभे केले तरी प्रत्येकाच्या वाट्याला साडेचौदा फूट येतात. शिवाय चेंडू दर वेळी मध्यावर नसतो. आधीची चाल कडेला संपली, तर पुढची चाल त्या बाजूच्या हॅशमार्क नावाच्या खुणेवरून सुरू होते. कॉलेजच्या मैदानावर ही खूण कडेपासून ६० फुटांवर असते. म्हणजे एका बाजूला ६० फूट आणि दुसरीकडे १००. व्यावसायिक एनएफएलमध्ये दोन खुणा एकमेकींपासून फक्त साडेअठरा फुटांवर असल्याने ही विभागणी ७० फूट ९ इंच आणि ८९ फूट ३ इंच अशी होते. शाळांच्या सामन्यांत ती सर्वांत विषम असते: एकीकडे एक तृतीयांश मैदान, दुसरीकडे दोन तृतीयांश. खेळाडू रुंदीभर पसरवण्याची कल्पना आधी शाळा-कॉलेजांत का रुजली, याचे निम्मे उत्तर या खुणांत आहे. म्हणूनच कॉलेजचे अनेक प्रशिक्षक रुंद बाजू कोणती ते आधी बघतात आणि मग माणसे लावतात. अरुंद बाजूला कडेची रेषा बचावाच्या कामी येते, रुंद बाजूला तो आधार फार लांब असतो.

आता खरी वजाबाकी. स्प्रेडची नेहमीची मांडणी अशी: पास झेलणारे चार रिसीव्हर, दोन्ही बाजूंना दोन-दोन, मध्ये अडवणारे पाच लाइनमन, मागे पास फेकणारा क्वार्टरबॅक आणि शेजारी चेंडू घेऊन धावणारा एक रनिंग बॅक. पाच लाइनमनच्या मधल्या आणि बाहेरच्या मिळून धावायच्या वाटा होतात सहा. यांना गॅप म्हणतात, आणि त्यांच्यासमोरच्या भागाला बॉक्स.

बचावाने दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे राहणारे बचावपटू, खोल ठेवले तर ११ मधून २ गेले, उरले ९. चार रिसीव्हरांसमोर चार लावले, उरले ५. वाटा सहा, माणसे पाच. क्वार्टरबॅकने धावायची चाल द्यावी, इतके ते उघड असते.

एकच सेफ्टी मागे ठेवला तर बॉक्समध्ये सहा येतात. वाटा भरल्या, पण ‘झोन रीड’ ही चाल इथेच चावते. आक्रमणाचे पाच लाइनमन पाच जणांना अडवतात आणि सहाव्याला मुद्दाम मोकळा सोडतात. तो रनिंग बॅककडे झेपावला की क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून पळतो. तो थांबला की चेंडू रनिंग बॅकच्या हाती जातो. एकही धक्का न मारता सहावा माणूस बाद होतो. ४ नोव्हेंबर २००० रोजी नॉर्थवेस्टर्नने बलाढ्य मिशिगनला ५४-५१ असे हरवले, तेव्हा सगळ्या अमेरिकेने ही पद्धत डोळे भरून पाहिली.

सात जण बॉक्समध्ये आणायचे तर मागे कोणीच उरत नाही. चार रिसीव्हर, चार राखणदार, आणि त्यांच्या पाठीमागे गोलरेषेपर्यंत मोकळे रान. ५, ६, ७ यांपैकी कोणताही आकडा निवडा, आक्रमणाला उत्तर सापडते.

सगळ्यांत हाल होतात ते लाइनमन आणि आतल्या रिसीव्हरच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या बचावपटूचे. धाव आली तर त्याने आत यायचे, पास आला तर बाहेर. क्वार्टरबॅक त्याच्याकडेच बघत असतो आणि तो जिकडे जाईल त्याच्या उलट चेंडू देतो. त्यातही कॉलेजच्या नियमांत पासच्या वेळी लाइनमनला ३ यार्ड पुढे जाता येते, एनएफएलमध्ये फक्त एक. त्या दोन यार्डांमुळे धाव आणि पास यांतला फरक ओळखणे कॉलेजच्या पोरांना फार अवघड जाते.

२०१७ मध्ये आयोवा स्टेटचे बचाव प्रशिक्षक जॉन हीकॉक यांनी वेगळी मांडणी उभी केली: पुढे तीन, मध्ये तीन लाइनबॅकर, मागे पाच, आणि त्या पाचांत कडेचे दोन कॉर्नरबॅक आणि तीन सेफ्टी. माझ्या मते या मांडणीचे मर्म मधल्या सेफ्टीत आहे. तो लाइनपासून दहा-बारा यार्ड मागे उभा राहतो. चेंडू सुटण्याआधी क्वार्टरबॅक बॉक्स मोजतो तेव्हा हा माणूस त्या मोजणीत येत नाही. धाव दिसली की तोच पुढे येऊन जास्तीचा माणूस होतो. पास असेल तर तीन जण दबाव टाकतात आणि आठ जण मागे राहतात. पास घेऊ शकणारे चार रिसीव्हर आणि एक रनिंग बॅक, म्हणजे पाच. आठातून पाच गेले, तीन शिल्लक. अडचणीतल्या त्या मधल्या बचावपटूला आता मागून आधार मिळतो.

किंमत अर्थातच आहे. तिघांसमोर पाच लाइनमन असल्याने क्वार्टरबॅकला विचार करायला वेळ मिळतो, आणि उरलेले दोन लाइनमन थेट लाइनबॅकरवर चाल करून जाऊ शकतात. नेमके टॅकल करणारे सेफ्टी नसतील तर ही मांडणी कोसळते.

७ ऑक्टोबर २०१७ रोजी आयोवा स्टेटने देशात तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर ३८-३१ असे हरवले. ३१ गुण देणे हा काही अभेद्य बचाव नव्हे. पण समोर बेकर मेफील्ड होता, आणि कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला दिली जाणारी हाइझमन ट्रॉफी त्या वर्षी त्यालाच मिळाली. तीन आठवड्यांनी चौथ्या क्रमांकाच्या टीसीयूला याच संघाने अवघ्या सात गुणांवर रोखून १४-७ अशी मात दिली. आदल्या मोसमात ३ सामने जिंकून ९ हरलेल्या आयोवा स्टेटने २०१७ चा मोसम ८ विजय आणि ५ पराभवांवर संपवला.