पटरला मैदान लागत नाही

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' एवढेच सांगितले, की तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाशी आणून सोडतो. पहाटे जॉगिंग ट्रॅकवर चालणाऱ्यांची गर्दी, दिवसभर क्रिकेट, अधूनमधून रणजीचा सामना. गोल्फची काठी मात्र कुणाच्या हातात दिसायची नाही. साहेबांच्या राज्यात नाशिकचा रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब नावाजलेला होता. खेळ गेला, नाव राहिले. ज्या कान्हेऱ्यांनी १९०९ साली विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्यांचे नाव या मैदानाला मिळाले, हा काळाने उगवलेला सूडच म्हणायचा. तरी लोकांच्या तोंडी अजून गोल्फ क्लबच.

आता खरा गोल्फ खेळायचा तर शहराबाहेर पडावे लागते. देवळाली कॅम्पात लष्कराचे मैदान आहे. पण सातपूर-अंबडला नोकरी किंवा कारखाना सांभाळणाऱ्याला आठवड्यात तिकडे फिरकायला कुठली सवड? उरतो रविवार. त्या दोन-तीन तासांत गडी काय करतो, तर पिशवीतून ड्रायव्हर काढतो आणि चेंडू लांबवर हाणत बसतो. त्यात मजा आहे, आवाज आहे, बघणारे 'वा' म्हणतात. पटिंगला कुणी 'वा' म्हणत नाही. मग खेळ संपल्यावर कार्डावर तीन-तीन पट मांडलेले दिसतात आणि तक्रार ठरलेली: 'सरावाला वेळच मिळत नाही.'

ही तक्रार ड्रायव्हरपुरती खरी आहे. पटरच्या बाबतीत ती मला पटत नाही.

आधी हिशेब पाहू. ७२ पारच्या मैदानावर प्रत्येक ग्रीनला दोन पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे १८ होलना ३६. निम्मा खेळ जमिनीवरून घरंगळणाऱ्या चेंडूचा. ड्रायव्हर बाहेर निघतो तो साधारण चौदा वेळा. पण यावरून 'पटिंग म्हणजेच गोल्फ' असे म्हणायचीही घाई नको. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या लाखो फटक्यांची आकडेमोड केली. चांगला खेळाडू आणि सामान्य खेळाडू यांच्यातला मोठा फरक लांबच्या फटक्यांत पडतो, पटिंगचा वाटा त्यामानाने लहान, असे त्यांना आढळले. मुद्दा आहे तो किमतीचा. लांबचा फटका सुधारायला प्रशिक्षक हवा, रेंज हवी, महिने हवेत. पटिंग सुधारायला घरातली दहा फूट मोकळी फरशी पुरते.

चांगले पटिंग काय करू शकते, हे टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकने दाखवले. त्या वर्षी करोना होऊन गेल्याने तिच्या फटक्यांची लांबी घटली होती. चेंडू इतरांच्या मागे पडायचा, पण ग्रीनवर आली की तिचा पटर सगळ्यांना पुरून उरायचा. ७ ऑगस्ट २०२१ ला ती चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकले. एरवी गोल्फकडे ढुंकूनही न पाहणारी घरे त्या शनिवारी सकाळी टीव्हीसमोर बसली होती.

पटिंगमध्ये दोनच गोष्टी असतात: दिशा आणि वेग. त्यांचा सराव वेगवेगळ्या ठिकाणी करता येतो, हेच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

दिशा मुख्यत्वे पटरच्या तोंडावर ठरते. चेंडूला लागताना ते तोंड किती सरळ आहे, यावर चेंडू कुठे निघणार ते अवलंबून. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर; १८९१ पासून तो तेवढाच आहे. तोंड एक अंश जरी वाकडे राहिले आणि चेंडू त्याच रेषेत निघाला, तर दहा फुटांवर तो दोन इंचांहून किंचित जास्त सरकतो. होलच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर जवळजवळ तेवढेच. म्हणजे एका अंशात चेंडू कडेवर, दोन अंशांत सरळ बाहेर. डोळ्याला एक अंश दिसतही नाही, म्हणून हाताला सवय लावावी लागते.

ही सवय घरात लागते. आजकाल बहुतेक फ्लॅटमध्ये दोन बाय दोनच्या टाइल्स असतात. त्यांच्या सांध्याची रेघ ही फुकटात मिळालेली, बऱ्यापैकी सरळ रेषा. दोन टाइल्सवर चार फूट होतात, पाचांवर दहा. रेघेवर चेंडू ठेवायचा आणि चार फुटांवर स्टीलचे फुलपात्र आडवे करून, तोंड आपल्याकडे करून ठेवायचे. फुलपात्राचे तोंड होलपेक्षा बरेच लहान असते. त्यात चेंडू जायला लागला की मैदानावरचे होल परातीएवढे वाटते. मारताना चेंडू रेघ सोडून कोणत्या अंगाला जातो तेवढे बघायचे. नेहमी डावीकडे जात असेल तर तोंड मिटतेय, उजवीकडे तर उघडे राहतेय (डावखुऱ्यांनी उलट वाचावे). टायगर वुड्स पटरच्या दोन्ही बाजूंना टी खोचून त्या फटीतून चेंडू मारायचा सराव करतो. आपल्याला दोन उदबत्तीची पुडकी चालतील.

वेळेचे काय? १९७८ साली मानसशास्त्रज्ञ बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना एक प्रयोग केला. काहींना रोज एक तास, काहींना रोज चार तास. खर्च केलेल्या प्रत्येक तासामागे रोज एक तासवाले जास्त शिकले. गंमत अशी, की शिकणे दिवसेंदिवस लांबतेय म्हणून कुरकूर त्यांचीच जास्त होती. म्हणजे रोज थोडे हेच फळते, पण करणाऱ्याला ते फळतेय असे वाटत नाही. रविवारी तासभर पट मारून समाधान मिळेल. रात्री जेवणानंतरची दहा मिनिटे जास्त देतील.

आता वेग. तो घरात शिकता येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. फरशी ग्रीनपेक्षा कितीतरी सुळसुळीत, तिथे ना उतार ना गवत. त्यातून जून ते सप्टेंबर नाशकात ग्रीन ओले आणि संथ, उन्हाळ्यात वेगळेच. शिवाय तीन पट होतात ते बहुधा पहिला पट दिशेत चुकला म्हणून नव्हे; तो सहा फूट अलीकडे थांबतो किंवा सहा फूट पुढे जातो म्हणून. व्यावसायिकसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात, तर उरलेल्या सहा फुटांवर तुमची-आमची काय कथा! म्हणून मैदानावर पंधरा मिनिटे आधी पोहोचा आणि सराव-ग्रीनवर फक्त लांबचे पट मारा, तीस-चाळीस फुटांचे. होलकडे मारायचेही नाही, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. चेंडू कुठे थांबला एवढेच पाहायचे. दोन-दोन फुटांचे पट तिथे मारत बसणे म्हणजे घरचे काम मैदानावर करणे.

घरातल्यांची एक हरकत येईल, आवाजाची. चेंडू फुलपात्रावर आदळला की खालच्या मजल्यावर ऐकू जातो. फुलपात्रात जुना हातरुमाल कोंबा. आणि पटर गाडीच्या डिकीत ठेवू नका, तिथे तो रविवारपर्यंत पडून राहतो. आजच वर आणा आणि टीव्हीच्या बाजूला उभा करून ठेवा.